गाडीची आणखी तीन वर्षं

वारंटी या प्रकारावर माझा कधीच विश्वास नव्हता. नागपूरच्या महाल भागात तीस वर्षं कूलर आणि पंखे दुरुस्त केले, त्यामुळे कोणत्या मशीनचं काय आणि केव्हा जाणार हे मला तिच्या मालकाआधी कळायचं. मोटर जळायची ती वारंटी संपल्यावर दुसऱ्या महिन्यात. आधी जळलीच, तर कंपनीचा माणूस येऊन सांगायचा की पाणी खारं आहे, व्होल्टेज कमी आहे, आणि तुम्ही झाकण उघडून पाहिलेलं दिसतं. मग गिऱ्हाईक तोंड पाडून माझ्या दुकानात. माझी चूल त्यावरच पेटली, तेव्हा तक्रार करायला मला जागा नाही. पण वर आणखी पैसे देऊन वारंटी वाढवून घ्यायची, हा मला शुद्ध मूर्खपणा वाटे.

बायकोचं याच्या नेमकं उलट. तिचा कागदावर भरवसा. बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात तिनं घरातल्या प्रत्येक वस्तूचं कार्ड जपून ठेवलं होतं. मिक्सरचं, इस्त्रीचं, देवघरातल्या दिव्यांच्या माळेचंसुद्धा. इस्त्री भंगारवाल्याला देऊन दहा वर्षं झाली होती, तिचं कार्ड मात्र डब्यात. दुकानदारानं ‘आणखी दोन वर्षं वाढवून देऊ का’ म्हटलं की मी नाही म्हणायच्या आत तिची पर्स उघडलेली असे. मी चिडवायचो की हा डबा वर जाताना सोबत ने. ती म्हणायची, नेईन, तिथंही तुमच्यासारखा कुणी भेटला तर त्याच्या तोंडावर मारायला बरा. पस्तीस वर्षांच्या संसारात आमची भांडणं बहुतेक या एकाच विषयावर झाली. बाकीचं सगळं आम्ही न बोलता निभावून नेलं. त्याचा मला अभिमान होता. आता वाटतं, तिथंच माती खाल्ली.

मोटरहोम घ्यायचं खूळ माझंच. नागपुरात कूलरवाल्याला उन्हाळ्याची सुटी नसते. शाळा बंद व्हायच्या आणि आळीतली माणसं पोराबाळांना घेऊन कुठं कुठं जायची, तेव्हा माझ्या दुकानापुढे कूलरची रांग लागलेली असायची. जून संपेपर्यंत दोन घास खायला वेळ नाही, आणि जुलैत मुलाची शाळा सुरू. तीस उन्हाळे असेच गेले. बायको कधी कुरकुरली नाही, फक्त अमरकंटकचं नाव काढायची. तिची मावशी कधीतरी तिथं जाऊन आली होती आणि तिनं सांगितलं होतं की एवढी मोठी नर्मदा, पण तिथं नुसतं कुंड आहे, आणि थोडं पुढं गेलं तर लहान पोरही तिला ओलांडून जातं. बायकोला ते खरं वाटायचं नाही. जाऊन बघायचं आहे म्हणायची.

दुकान विकलं, शहराच्या कडेला हुडकेश्वरला कोपऱ्याचा प्लॉट होता तिथं घर झालं, मुलगा बंगलोरला लागला, आणि हातात पैसे उरले. मग मी पुण्याकडच्या एका कारखान्यातून गाडी आणली. प्रवासी टेम्पोच्या सांगाड्यावर बांधलेली. मागे दोघांचा पलंग, बाजूला शेगडी, हातभर बेसिन, लहानसा फ्रिज, आणि आत बसून दार लावलं तर गुडघे दाराला टेकतील एवढा संडास. दसऱ्याला घरी आली. गाडी मी बायकोच्या नावानं घेतली होती. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, तिनं बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे एक गृहस्थ शर्टाची बाही वर करून फाटकात हजर. त्यांना वाटलं रक्त तपासायची गाडी आली आहे. शुगर उपाशीपोटी बघता की जेवल्यावर, असं त्यांनी विचारलं. बायको त्यावर आठवडाभर हसत होती.

गाडीतल्या गाद्यांना आणि सीटांना कारखान्यातलं जाड प्लास्टिक होतं. ते आम्ही काढलं नाही. आमच्या घरात नव्या वस्तूचं प्लास्टिक काढत नाहीत, ते आपोआप फाटेल तेव्हा फाटेल. टीव्हीच्या रिमोटवर अजून पिशवी आहे. चांगले कप पाहुण्यांसाठी असतात आणि पाहुणे आले की त्यांना स्टीलच्या कपात चहा देतात, कारण चांगले कप फुटतील. गाडीचंही तेच झालं. नवी आहे, थंडी पडू दे. थंडी पडली तर मुलाला रजा नव्हती, तो येईल तेव्हा सगळेच जाऊ. मग उन्हाळा, गाडीचा पत्रा तापतो. मग पाऊस, घाटात दरडी कोसळतात. वर्षभरात एकदा रामटेकला जाऊन आलो. बायको प्लास्टिकवरच बसली आणि उतरताना रुमालानं पुसून घेतलं.

दुसरी दिवाळी आली आणि तिला जेवण जाईनासं झालं. चिवडा केला तिनंच, पण खाल्ला नाही. तपासण्या झाल्या, पोटातला तुकडा काढून पाठवला, आठ दिवसांनी मला डॉक्टरांनी आत बोलावलं. एकट्याला. आपल्याकडे असंच असतं. ज्याचं दुखणं आहे तो बाहेर बाकड्यावर पिशवी सांभाळत बसतो आणि त्याच्या मरणाची बातमी दुसऱ्याला देतात. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, यकृतापर्यंत गेलं आहे, कापाकापी करण्यात अर्थ नाही, गोळ्या देतो. सहा-आठ महिने बरे जातील. त्यांना कुठं जायचं असेल, काही बघायचं असेल, तर आताच घेऊन जा.

बाहेर आलो तर ती विचारायच्या आत मी सांगून टाकलं की आतड्याला सूज आहे, जुनी आहे, वेळ लागेल. इतकं सफाईनं खोटं मी कुठल्या गिऱ्हाइकाशीही बोललो नव्हतो. मुलाला फोनवर खरं सांगितलं. तो रडला, मग म्हणाला, आईला नका सांगू, ती खचेल. आम्ही दोघांनी ठरवलं. तिचं मरण, तिचं शरीर, आणि ठरवलं आम्ही दोघांनी. तेव्हा हे मला जराही विचित्र वाटलं नाही. माझ्या वडिलांच्या वेळीही आम्ही हेच केलं होतं आणि त्यांना फार जपलं असं सगळ्या नात्यात म्हणत होते.

आता अडचण रिपोर्टची. घरातली कपाटं, डबे, गाद्यांखालच्या जागा, सगळं तिच्या राज्यातलं. म्हणून मी तो रिपोर्ट गाडीत नेऊन ठेवला, बेसिनखालच्या खणात.

आणि डॉक्टरनं आताच घेऊन जा म्हटलेलं असताना मी तिला कुठंच नेलं नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही, इथं लिहून टाकतो. गाडी दारातल्या शेडमध्ये उभी होती. नागपूरची थंडी, वर्षातले तेवढेच महिने माणसानं बाहेर पडावं असे. गोळ्यांनी तिला बरं वाटत होतं, दोन पोळ्या खात होती. अमरकंटक एका दिवसाच्या रस्त्यावर. पण ज्या माणसानं वर्षभर आज-उद्या केलं, तो एकदम चल म्हणाला, तर तिला कळणार नाही का? मला तीच धास्ती. घाई केली की खोटं उघडं पडणार. म्हणून मी मुद्दाम आधीसारखाच वागलो. तू बरी हो, मग जाऊ. दर आठवड्याला हे वाक्य. ती म्हणायची, हाव, जाऊ.

रविवारी मी गाडीचं इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायचो, बॅटरी उतरू नये म्हणून. ती चहा घेऊन बाहेर यायची आणि गाडीच्या पायरीवर बसायची. अंगावर शाल, तोंडावर कोवळं ऊन. इंजिनानं तिच्या हातातला कप थरथरायचा. मी बंद केलं की उठून आत जायची. त्या हिवाळ्यात ओट्यावर चार स्टीलचे डबे कायम धुऊन पालथे घातलेले दिसायचे. एकदा विचारलं, हे काय मांडून ठेवलं आहे. म्हणाली, काही नाही, वाळून राहिले.

होळीनंतर ती उतरणीला लागली. मे महिन्यात अंथरुणाला टेकली, पावसाळ्यात थोडी सावरली, पण घरातून अंगणापर्यंत येण्याइतकीच. आणि गणपतीच्या सुमारास फोन आला. गाडी तिच्या नावानं, म्हणून फोनही तिला. गाडीची दोन वर्षांची वारंटी दसऱ्याला संपते आहे, त्याआधी वाढवून घेतली तर एक, दोन किंवा तीन वर्षं मिळतील, मुदत टळल्यावर मिळणार नाही.

संध्याकाळी तिनं मला सांगितलं. उशीला टेकून बसली होती, मांडीवर तो बिस्किटांचा डबा. आपण तीन वर्षांची घेऊ, असं म्हणाली.

तीन वर्षं. डॉक्टरनं गेल्याच आठवड्यात मला सांगितलं होतं की आता महिने मोजू नका, दिवस नीट जातील तेवढं बघा.

मी विचार करत बसलो आणि जितका विचार करावा तितका गुंता वाढत गेला. घेऊ नको म्हटलं, तर तिला वाटेल याला माझी तीन वर्षं दिसत नाहीत. नुसतं एक वर्ष घेऊ म्हटलं, तर ते त्याहून वाईट. लगेच हो म्हणावं, तर ते माझ्या स्वभावात नाही. जन्मभर ज्या गोष्टीला शिव्या घातल्या तिला मी मुकाट्यानं मान डोलावली, तर न शिकलेल्या माणसालाही कळेल की हा आता मरणाऱ्याचा शब्द पाळतो आहे. मुलाला फोन केला. तो म्हणाला, बाबा, घेऊन टाका ना, तिला बरं वाटेल. त्याला तिथून सोपं होतं. त्याला तिच्या डोळ्यांपुढे बसायचं नव्हतं.

शेवटी मला एकच वाट दिसली. भांडायचं. नेहमीसारखं भांडायचं आणि नेहमीसारखं हरायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी सुरुवात केली. म्हटलं, लुटायचे धंदे आहेत हे. टायर त्यात नाही, बॅटरी त्यात नाही, काच नाही, गादी नाही, मग आहे काय? ती म्हणाली, इंजिन आहे. मी म्हटलं, इंजिनाला काय धाड भरली, नऊशे किलोमीटर चाललं नाही ते. ती म्हणाली, न चालणारंच आधी बिघडते, हे तुमीच शिकवलं मले. चार दिवस आमचं हे चाललं. मी कागद फेकले, तिनं गोळा केले. मी जुन्या कूलरचे दाखले दिले, तिनं त्या फ्रिजचा दाखला दिला ज्याचा कॉम्प्रेसर तिच्या वाढीव वारंटीत फुकट बदलून मिळाला होता आणि ज्यावरून ती मला पंधरा वर्षं टोमणे मारत होती. तिच्या चेहऱ्यावर रंग आला. तिसऱ्या दिवशी तिनं अर्धी भाकर मागून खाल्ली. मला आनंद झाला आणि त्या आनंदाची इतकी लाज वाटली की मागच्या दारी जाऊन नळाखाली डोकं धरलं. चौथ्या दिवशी, जा बाई, तुझंच खरं, असं म्हणून मी हरलो. आपलं नाटक बेमालूम वठलं, असं मला वाटत होतं.

वारंटी वाढवायच्या आधी गाडी तपासावी लागते. वर्कशॉपचा माणूस घरीच आला. पन्नाशीचा, जाड भिंगाचा चष्मा, शांत. बायकोला मी अंगणात खुर्ची टाकून दिली होती, पायावर चादर. त्या माणसानं बोनेट उघडलं, खाली वाकून पाहिलं, आकडे लिहून घेतले. मीटर बघून थबकला. नऊशे किलोमीटरही नाही, आणि त्यातले सातशे तर पुण्याकडून घरी येतानाचेच होते. त्यानं आत जाऊन गादीवर हात ठेवला, प्लास्टिक करकरलं. बाहेर येऊन म्हणाला, “भाऊ, गाडी तर शोरूमसारखी ठेवली तुम्ही. चालवली नाही काय?”

त्यानं कागद काढले आणि किती वर्षांची करायची ते तिला विचारलं. तिनं कागद हातात घेतले, चष्मा लावला, पानं उलटली. मग त्याला विचारलं, “गाडी विकली, तर ही वारंटी घेणाऱ्याच्या नावानं होते काय?”

“होते न, वहिनी. एकदा होते. शेवटच्या पानावर फॉर्म आहे. विकणाऱ्याची सही लागन फक्त.”

“मंग तीन वर्षांचीच करा,” ती म्हणाली.

मी बोनेट धरून उभा होतो. ते मी हळूच लावलं. त्या माणसाशी मी पुढं काय बोललो, त्याला चहा दिला की नाही, मला आठवत नाही. तो फाटकाबाहेर गेला तेव्हा मी तिच्या खुर्चीसमोर पायरीवर बसलो. ती कागद घडी घालून डब्यात ठेवत होती.

“गाडी कोण विकून राहिलं?” मी विचारलं.

“तुमी विकाल न. एकट्यानं तुमी कुठं जाता. वारंटी असली तर दोन पैसे जास्त येतीन.”

“तुले कोणं सांगितलं?”

“कोणंच नाही. फ्रिजचं कार्ड पाहाले गेली होती गाडीत. बेसिनखालच्या खणात.” ती डब्याचं झाकण दाबत होती. ते झाकण घट्ट होतं आणि तिच्या बोटांत जोर नव्हता. मी पुढं झालो नाही. “तुळशीचं लग्न झालं न, त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

तुळशीचं लग्न म्हणजे रिपोर्ट मी खणात ठेवल्यापासून दोन-तीन दिवस. म्हणजे थंडी पडायच्या आधी. म्हणजे तो सगळा हिवाळा, ते सगळे रविवार, ती पायरीवर चहा घेऊन बसायची तेव्हा तिला माहीत होतं, आणि इंजिन बंद करून मी तू बरी हो म्हणायचो तेव्हाही.

“मंग बोलली काहून नाही?”

“तुमी एवढं लपवून राहिले होते. मले वाटलं त्याच्यानंच तुमाले धीर येते, तर येऊ द्या.” तिनं डबा पायावरच्या चादरीवर ठेवला. “तुमी चाल म्हणाल तवा निघू, म्हटलं. डबे धुवून ठेवले होते मी. स्वेटरं काढून ठेवले होते. तुमी म्हणालेच नाही.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी जगलो असतो. पावसाळा लांबला म्हणून पापड वाळले नाहीत, असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं. मला वाटलं, मी या बाईला मारून टाकलं. आजार आजाराचं काम करत होता, पण तिचे ते बरे महिने मी माझ्या हातानं खाल्ले. ती मला सांभाळत होती, मी तिला सांभाळत होतो, आणि गाडी शेडमध्ये उभी होती. मुलाशी, डॉक्टरशी, शेजाऱ्यांशी, वर्कशॉपवाल्याशी, सगळ्यांशी मी त्या काळात खरं बोललो. फक्त हिच्याशी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, चल. अमरकंटकला जाऊ, जसं जमेल तसं, थांबत थांबत. मला नाही म्हणणं तिला जमेना, म्हणून ती हो म्हणाली. हेही मला कळलं, कारण आता मला सगळं कळत होतं, उपयोगाचं नसताना. तिला उचलून गाडीत नेलं. तिचं वजन कूलरच्या रिकाम्या टाकीइतकं झालं होतं. पलंगाशी आलो आणि मी गादीवरचं प्लास्टिक फाडायला हात घातला, तर तिनं माझं मनगट धरलं.

“राहू द्या. विकाले नवी दिसली पाहिजे.”

मी चिडलो. त्या अवस्थेतही चिडलो, असा माझा स्वभाव. म्हटलं, खड्ड्यात गेली गाडी आणि खड्ड्यात गेला विकत घेणारा. तिनं मनगट सोडलं नाही. मग मी प्लास्टिकवरच सोलापुरी चादर अंथरली आणि तिला निजवलं.

उमरेड रोडला लागेपर्यंत मी गाडी इतकी हळू चालवली की मागून सायकलवाले पुढं गेले. प्रत्येक खड्ड्याला मागे प्लास्टिक करकरायचं आणि त्यापाठोपाठ तिचा एक आवाज यायचा, ती दाबायचा प्रयत्न करायची पण यायचाच. पाचसहा किलोमीटर झाले असतील. एका संत्र्याच्या बागेपाशी मागून ती म्हणाली की बास, फिरवा गाडी. मी कडेला घेतली, मागे जाऊन तिच्याजवळ बसलो. खिडकीतून बागेचं कुंपण आणि एक विहीर दिसत होती. ती म्हणाली, छान आहे. काय छान आहे ते मी विचारलं नाही. गाडी फिरवून घरी आणली.

संक्रांतीच्या आधी चार दिवस ती गेली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पण त्या शेवटच्या तीन-साडेतीन महिन्यांत आम्ही एकमेकांशी एकदाही खोटं बोललो नाही, एवढं सांगतो. तेव्हा तिला धड बोलवत नव्हतं. मला म्हणण्यासारखं खूप होतं आणि ते ऐकताना ती झोपून जायची.

मुलगा म्हणाला, गाडी विका, नाहीतर माझ्याकडे या. मी दोन्ही केलं नाही. यंदा दसऱ्याच्या आधी वर्कशॉपमधून फोन आला, मॅडमशी बोलायचं आहे. वर्षाची सर्व्हिसिंग करून घेतली नाही तर वाढीव वारंटी रद्द होते, असं त्यांचं म्हणणं होतं. मॅडम नाहीत म्हणालो. त्या केव्हा येतील, असं पलीकडून विचारलं. मी फोन ठेवला. पण गाडी नेली. तिनं घेतलेली वस्तू रद्द होऊ द्यायची माझी हिंमत झाली नाही, एवढंच. तोच चष्मेवाला माणूस होता. त्यानं वहिनींचं ऐकलं तेव्हा दोन्ही हात जोडले, मग वारंटीचं पुस्तक मागितलं. ते आणायला मी विसरलो होतो. घरी येऊन बिस्किटांचा डबा उघडला.

सगळ्यात वर तेच पुस्तक होतं. शेवटच्या पानावर नावबदलीचा फॉर्म, आणि तो तिनं भरून ठेवला होता. सही तिचीच, पण कापऱ्या हाताची, म्हणजे अगदी शेवटी केव्हातरी केलेली असणार, मी औषधं आणायला गेलो असेन तेव्हा. घेणाऱ्याचं नाव आणि तारीख, एवढ्या दोन जागा कोऱ्या. मला कुठं खेटे घालावे लागू नयेत म्हणून केलेली तजवीज. वर्कशॉपवाल्याला मी नंतर विचारलं तर तो खाली बघत म्हणाला की मालक गेल्यावर ही सही चालत नाही, त्याला वेगळे कागद लागतात. तिला ते माहीत नव्हतं.

फॉर्म मी पुन्हा डब्यात ठेवला. गाडी शेडमध्ये आहे. वारंटीची दोन वर्षं अजून बाकी आहेत. दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू करतो, बंद करतो आणि घरात येतो. कधी कधी डबा काढून ते पान बघतो. खाली एक रकाना आहे, गाडी विकण्याचं कारण. तिथं तिनं लिहिलं आहे, ‘वापरली नाही.’